पट्ट्यावरची रेघ

आमच्या छकुलीच्या गाडीतल्या सीटचा पट्टा डोंगरातल्या प्रत्येक फेरीत सैल व्हायचा. तिला सीटमधून उडवायला त्या कच्च्या वाटेवर एक खोल खड्डा पुरला असता. ती सात महिन्यांची आहे.

मला नवऱ्याचा संशय होता. त्याला माझा.

"तुझंच काम हे. ती जरा कुरकुरली, की तुझा जीव लगेच वरखाली!" तो म्हणायचा.

मागच्या वेळी निघताना मी पट्ट्यावर बकलाला लागून पेनाने रेघ मारली. वाटेतला ओढा ओलांडून उतरलो, तेव्हा रेघ चार बोटं सरकली होती. कळ अंगठ्याने जोरात दाबल्याशिवाय तो पट्टा सरकत नाही, हे मी घरी वीस वेळा तपासलं होतं.

आज मी मागे, तिच्या शेजारी बसले. भर दुपार होती. ओढ्यात गाडी एका अंगाला कलली, तसं मी दारावरचं हँडल घट्ट धरलं. छकुली रडायची एकदम थांबली.

नवऱ्याने आरशात पाहिलं आणि तो हसला. "सापडला चोर! अगं, काढ तो हात तिच्या छातीवरून."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हँडलवरच होते.