चांदपाशाचे दहा पैसे

टेबलावर तीन वस्तू होत्या. दहा पैशांचं एक नाणं, ते ज्यात बांधून आणलं होतं तो रुमाल, आणि गोणपाटावर ठेवलेला लोखंडी व्हाइस, दांडा फिरवून वस्तू जबड्यात आवळून धरायचा. नाणं दोन पूर्णांक तीन दशांश ग्रॅम भरलं. व्हाइस तनुजाच्या काट्यावर ठेवण्याजोगा नव्हता.

"नऊ किलो असंल," ओवैस म्हणाला. "लासूर स्टेशनापासून मांडीवर घेऊन बसलोय. नानीला म्हटलं, नाणं तपासायचंय तर नाणं नेऊ. नाय. म्हणे व्हाइस बी घे. गॅरेज बंद ठेवून आलोय, मॅडम."

"लागंल म्हणून आणला," कमरुन्निसा म्हणाल्या. "तू गप ऱ्हा."

पुंडलिकनगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत तनुजा जुनी नाणी तपासून द्यायची. येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असे: नाण्यावरचा दोष टांकसाळीतला की बाहेरचा? टांकसाळीत चुकलेल्या नाण्यामागं हौशी लोक धावतात. नंतर कुणी ठेचलेल्या नाण्याला कुत्रं विचारत नाही. 'बाहेरचा' असं सांगायची वेळ आली, की तनुजा आधी आत जाऊन पाणी घेऊन यायची.

तिनं नाणं भिंगाखाली धरलं. एका बाजूला दहाचा आकडा आणि साल, १९७४. दुसऱ्या बाजूला अशोकस्तंभाचे सिंह असायला हवे होते. तिथंही दहाच होता, पण आत रुतलेला आणि आरशात दिसावा तसा उलटा.

"टांकसाळीतलंच ना?" ओवैस पुढं सरकला. "आधीचं नाणं साच्याला चिकटून ऱ्हातं अन् पुढच्या नाण्यावर त्याचा ठसा बसतो. मी व्हिडिओ बघितलेत. लई रेअर."

"होतं तसं कधीकधी."

"मशीननं नाय झालं ते," कमरुन्निसा म्हणाल्या. "चांदपाशानं केलंय. माझ्या भावानं. अब्बांच्या सायकलीच्या दुकानात, ह्याच व्हाइसात. माझं नाणं, त्याचं नाणं, एकावर एक ठेवली अन् दांड्याला लोंबकळला. माझं मला दिलं, त्याचं खिशात घातलं. त्याच साली मनमाडकडच्या गाडीत बसला. गेला तो गेलाच."

"नानी, तू तवा एवढीशी होतीस. सपनात बघितलं असशील."

"बघ बेटा. सगळे असंच म्हणत्यात." त्या तनुजाकडं वळल्या. "त्याचा फोटू नाय, कपडा नाय. त्याच्या हातचं एवढंच हाय. ते बी मशीनचं निघालं, तर..." कमरुन्निसा रुमालानं व्हाइसचा दांडा पुसत बसल्या.

तनुजानं नाणं तिरकं करून उजेड आडवा पाडला. उलट्या आकड्याच्या खाली सिंह होते. दबलेले, चपटे झालेले, पण होते. टांकसाळीत चूक झाली असती तर ते उमटलेच नसते. तिनं छोटा आरसा लावला. उलटं साल सुलट झालं: १९७६.

चौऱ्याहत्तरच्या नाण्यावर शहात्तरचा ठसा.

ती सवयीनं उठली आणि आत गेली. माठापाशी पेला हातात घेऊन थांबली. मग पेला तसाच ठेवला आणि पोळ्यांसाठी मळून ठेवलेल्या कणकेचा एक गोळा तोडून बाहेर आली.

"हे काय, मॅडम?" ओवैसला हसू आलं. "नाश्ता?"

"व्हाइस उघडा."

जबड्यांच्या आतल्या अंगाला पकडीसाठी आडवे-उभे चरे होते. एका कोपऱ्यातला दात तुटलेला होता. तिनं कोरडं पीठ लावून कणीक त्यावर दाबली, अलगद सोडवली आणि नाण्याची १९७४ची बाजू वर करून दोन्ही शेजारी ठेवली. मघाशी ही बाजू नुसती झिजलेली वाटली होती. आता भिंगातून बारीक चरे दिसत होते. कणकेवर होते तसेच, तेवढ्याच अंतरानं. कोपऱ्यातली एक जागा कणकेवर कोरी होती. नाण्यावरही.

तिनं दोनदा पाहिलं. मग ओवैसला पाहायला दिलं. तो बराच वेळ भिंगावरून उठला नाही.

"खाला, दोष बाहेरचा आहे," तनुजा म्हणाली. "ह्याच व्हाइसातला."

"परत म्हण."

"ह्याच व्हाइसातला."

कमरुन्निसांनी नातवाकडं पाहिलं. तो व्हाइसच्या तुटक्या दातावरून बोट फिरवत होता.

"रोज ह्याच्यावर काम करतो मी," तो म्हणाला.

"हां. तोबी करायचा." त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, उलटा आकडा चाचपला. "हे त्याच्या नाण्याचं उमटलंय ना?"

"हो."

"मग माझंबी त्याच्यावर उमटलं असंल?"

"उमटलंच असणार. दोन्ही एकाच दाबात होती."

"किती?"

तनुजाला प्रश्न कळला नाही.

"किती खोल, बेटा?"

ते नाणं इथं नव्हतं. पण धातू एक, दाब एक. "जेवढं तुमच्यावर, साधारण तेवढंच त्याच्यावर," ती म्हणाली. "मोजू का?"

कमरुन्निसांनी नाणं पुढं केलं.

तनुजानं ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आधी वरचा पृष्ठभाग स्पष्ट केला आणि फोकसच्या चकतीवरचा आकडा पाहिला. मग चकती हळूहळू फिरवत रुतलेल्या दहाच्या तळाशी पोचली. पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. समोर कमरुन्निसा दोन्ही हात रुमालावर ठेवून बसल्या होत्या. ओवैसनं फोन उलटा करून ठेवला होता.

"शून्य पूर्णांक अकरा शतांश मिलिमीटर," तनुजा म्हणाली.