नंबरप्लेटचं माप

टेलरबाई पार्किंगच्या उताराच्या तळाशी, भिंतीच्या कडेला चक्क पालथ्या पडल्या होत्या. गळ्यात टेप, गाल फरशीला टेकलेला. वॉचमन धापा टाकत आला.

"काकू, चक्कर आली का?"

"चक्कर नाही रे, बघतेय. सरक बाजूला, गाडी येतेय."

उताराच्या वरच्या टोकाला, गाडीत, त्यांचे यजमान बसले होते. तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले, आणि त्या तीस वर्षांत बसला साधा ओरखडा नाही. बिल्डिंग त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणे आणि ते म्हणू देत. दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या या जुन्या, बुटक्या गाडीच्या पुढच्या तीन नंबरप्लेटा बाईंच्या हातून याच उतारावर मोडल्या होत्या. साहेब स्वतः गाडी रस्त्यावरच लावत, हे मात्र कुणी बोलत नसे. चौथी लावून आणली आणि साहेबांनी काल जेवताना जाहीर केलं, "ही मोडली की किल्ली माझ्याकडे."

बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं होतं बाईंनी. शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे स्वतः पोचवू लागल्यापासून त्यांची चालही ताठ झाली होती. किल्ली गेली की पुन्हा दुकानाच्या दारात उभं राहून यांच्या सवडीची वाट बघणं आलं. सकाळी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आज गाडी तुम्ही उतरवा. मी बघते."

"अगं ऊठ तिथून," साहेब खिडकीतून ओरडले. "लोक बघतायत."

"बघू देत. या तुम्ही."

साहेब आले. असे डौलात, की गाडीत काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. आणि तळाशी पोचताच खर्रर्र! नंबरप्लेटची खालची कड आत दुमडली. वॉचमन एकदम छताची ट्यूबलाइट न्याहाळू लागला.

साहेब खाली उतरले. तोंड एवढंसं झालं होतं. "उतारच चुकीचा बांधलाय," ते म्हणाले.

बाईंना बोलायला हीच वेळ होती. दोन महिन्यांचं सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण त्या टेप घेऊन गाडीपुढे उकिडव्या बसल्या.

"बंपरच्या खाली चार बोटं लोंबतेय ही. तळाशी गाडी नाक खाली घालते, तेव्हा तीन बोटंही जागा उरत नाही. अहो, पॅन्ट जमिनीला घासत असेल तर आम्ही गिऱ्हाइकाला नीट चाला म्हणत नाही. माप घेणाऱ्याचं चुकलं म्हणतो."

"मग प्लेट वर चढव."

"वर जाळी आहे, इंजिनची हवा अडेल. आखूड करावी तर आकडे कापले जातील. तिला लवतीच करायला हवी."

समोरच्याच आपल्या दुकानातून त्यांनी ताडपत्रीच्या कामाची जाड रबरी पट्टी आणली, कात्रीने दोन तुकडे केले, छिद्रं पाडली. पट्ट्यांची वरची टोकं गाडीला आवळली आणि खालच्या टोकांना प्लेटची फक्त वरची कड. खिशावरच्या झडपेसारखी वरून घट्ट, खालून मोकळी. दुमडलेली कड पायरीवर ठोकून सरळ केली. साहेब पाना धरून उभे होते. मधूनमधून "जरा डावीकडे" म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

"पट्ट्या तुझ्या, आता उतरवायचीही तूच," काम संपल्यावर ते म्हणाले. हट्ट अजून गेला नव्हता. "मोडली तर ठरलंय ते ठरलंय."

साहेबांनी गाडी मागे घेत वर नेऊन दिली. बाई स्टिअरिंगवर बसल्या.

"खाली बघणार कोण?" त्यांनी विचारलं.

वॉचमन पुढे झाला. साहेबांनी त्याला हातानेच मागे सारलं आणि कडक इस्त्रीच्या शर्टासकट स्वतः फरशीवर आडवे झाले.

बाईंनी ब्रेक सैल केला. गाडी सरकू लागली. तळ आला तसे त्यांनी दात आवळून धरले. खालून नुसता चप्पल घासल्यासारखा आवाज आला आणि गाडी सपाटीवर पोचली.

"मोडली का?" बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

"पुन्हा घे."

त्या वर गेल्या, पुन्हा उतरल्या. तिसऱ्यांदाही उतरल्या.

"लवते गं!" फरशीवरूनच साहेब ओरडले. "मागे लवते आणि पुन्हा ताठ! आकडा न् आकडा दिसतोय. अरे, तू बघ, तू पण बघ!" वॉचमनला त्यांनी बाहीला धरून खाली ओढलं.

बाई काचेतून समोर बघत राहिल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि आवरायचंही नव्हतं. आपण केलं हे, त्यांच्या मनात आलं, आणि भर पार्किंगमध्ये त्यांनी उगीचच एकदा हॉर्न वाजवला.

साहेब उठले. शर्टाला धूळ होती, ती त्यांनी झटकली नाही. न सांगता उतार चढून जाऊन त्यांनी दुकानातले, आज पोचवायचे गणवेशांचे दोन गठ्ठे आणले, मागच्या सीटवर ठेवले आणि दार लावून घेतलं. मग ते मागच्या काचेपाशी उभे राहिले. तीस वर्षं कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय त्यांनी बस हलवली नव्हती. आज त्यांनी टपावर तळहाताने दोनदा थाप मारली आणि अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असा आवाज दिला, "चला, जाऊ दे गाडी!"