उशिराची वही

“हिचं सोडून दुसरं कुणाचंही नाव सांग,” मुख्याध्यापिका कृष्णाबाई म्हणाल्या आणि उशिराची वही त्यांनी श्यामलापुढे सरकवली.

वहीत वर्षभर एकच नाव होतं. अनुसया, इयत्ता दहावी. एकवीस वेळा.

शाळा मडमांनी काढलेली. मडमा गेल्या, हुबळी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, पण कॅप्टनचा पितळी बिल्ला काही हलला नाही. कॅप्टनने फाटकात उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची आणि अकरावीला, मॅट्रिकला बसण्याआधी, नवी कॅप्टन निवडून तिला स्वतः बिल्ला लावायचा, ही रीत. यंदाची कॅप्टन श्यामला; तिने अनुसयाला निवडलं होतं. ती बिचारी नव्या रिबिनी बांधून दाराबाहेर उभी होती.

“कलघटगीची बसच उशिरा येते, बाई.”

“बाकीच्या तीनशे येतात की वेळेवर. त्यातही बसच्या आहेत. लोका सांगे ब्रह्मज्ञान असली कॅप्टन मला नको.”

श्यामला इथेच थांबली असती तर बरं होतं. उद्याच्या समारंभात उत्तम कॅप्टनचं बक्षीस तिलाच होतं. तिच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तर धारवाडच्या सगळ्या नातेवाइकांना बोलावणं धाडलं होतं. अप्पांना दम कुठला.

“बाई, मागचं कंपाउंड पडलंय,” ती म्हणाली. “उशीर झाला की सगळ्या तिथून आत येतात. दोनदा मीही आले.”

म्हणून टाकलं आणि तिला एकदम बरं वाटलं. बक्षीस गेलं ते गेलंच, पण वर्षभराचं ओझंही गेलं.

कृष्णाबाईंनी चष्मा काढला. “छान. म्हणजे कॅप्टनच तसली. मग तू फाटकात नव्हतीस त्या दोन्ही दिवशी अनुसया तरी फाटकातून आली कशावरून?”

श्यामलाने वहीची पानं उलटली आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. “हे अक्षर माझं नाही, बाई. फाटकात कुणीच नव्हतं, वही कोनाड्यात होती. हिने आपलं नाव आपणच लिहिलंय.”

कृष्णाबाईंनी त्या दोन ओळी चष्मा लावून पुन्हा वाचल्या.

“बक्षीस विसर तू,” त्या म्हणाल्या. “आणि तिला आत बोलव. किती वेळ उभी ठेवायची पोरीला?”