कल्याण भाऊजींचे फ्लेक्स

आठवडी बाजारातून सायकलवर येताना माझी तिसरी कापडी पिशवी फाटली आणि दोन किलो कांदे आष्टीच्या रस्त्यावर गडगडत गेले. कुणीतरी ते माझ्या दिराला, कल्याण भाऊजींना सांगितलं. घरी येऊन ते तडकले, "वैनी, आपल्या घरची बाई सायकलवर बाजार करून राह्यली, हे बराबर दिसत न्हाई. औंदा मला सरपंचकीला उभं राह्यचंय."

"घरात दोन मोटारसायकली हायत. तुम्ही आणा मंग बाजार."

भाऊजींना एकाएकी मीटिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यावर पालथे घातलेले दोन फ्लेक्स उतरवले. मागच्या वर्षी भाऊजींच्या वाढदिवसाला चौकात लावलेले. वर्षभर पाऊस खाऊनही त्यांना कुठं चीर नव्हती. ते घेऊन मी ताडपत्र्या शिवणाऱ्या साहेबरावांकडे गेले आणि कॅरिअरच्या दोन्ही अंगांना बसतील अशा दोन मोठ्या पिशव्या शिवायला सांगितल्या.

साहेबरावांनी फ्लेक्स उलगडून पाहिले. "ताई, पांढरी बाजू बाहेर घेऊ ना?"

"न्हाई. छापलेली घ्या."



पुढच्या बाजारी मी चौकातून सावकाश सायकल नेली, तेव्हा दोन्ही बाजूंनी कल्याण भाऊजी डोक्यावर मेथीच्या जुड्या घेऊन सगळ्या गावाला हात जोडत होते.