गुलाबांमागचा पांढरा

नवरा गेल्यावर वर्षभर दारावर आणि मग कायमची चर्चमध्ये टांगायची कुळचिन्हांची फळी कुठवर आली, हे बघायला लेडी थर्लबी स्वतःच पिंचबेक रंगाऱ्याकडे गेल्या. नवऱ्याच्या सिंहामागे काळा रंग होता, त्याच्या पहिल्या बायकोच्या हंसामागेही काळाच. बाईंच्या गुलाबांमागे मात्र पांढरा. “हे काय?” “मेलेल्यांमागे काळा, जिवंतांमागे पांढरा. रीतच आहे, बाईसाहेब.” “दहा महिने नांदली ती! बावीस वर्षं ह्यांचा दमा मी सोसला, आणि ह्यांच्या रंगात सवत?” “तुम्ही ठणठणीत आहात, त्याला मी काय करणार?” बाईंना हसू आलं, पण नजर त्या काळ्यावरून हलेना. “माझी वेळ आल्यावर?” “तुमची वेगळी फळी करू, चांगली मोठी.” “वेगळी नको. हीच उतरवा.” हातमोजा काढून त्यांनी पांढऱ्यावर बोट टेकवलं, रंग ओला होता. “पिंचबेक, याला दुसरा हात मारू नका. वर काळा चढवायचाय.”