घरातल्यांनाच परवानगी

“जुन्या आवाजांना जागा नाही,” म्हणत संगीत संस्थेने आपल्या वेबसाइटवरून तिची भजनं काढली, तेव्हा सत्तरीच्या गायिकेने माळ्यावरचा बिजागरी तुटलेला लॅपटॉप उतरवला आणि सुनेला विचारत त्यावर भजनं इंटरनेटवर ऐकवणारा छोटासा सर्व्हर बसवला. घरात भजन वाजलं. परगावच्या बहिणीने मात्र कळवलं, “ताई, इथे ‘प्रवेश नाही’ म्हणतंय!” सून हसली. “आई, सेटिंगचा तयार नमुना जसाच्या तसा उतरवलात. त्यातल्या या ओळीत घरातल्यांनाच परवानगी आहे.” “म्हणजे गायचं तर घरात गा! आधी वडील म्हणाले, मग तुझे सासरे, आता हे डबडंही?” “घरात आम्ही ऐकतोय की,” सासरे पुटपुटले. गायिकेने चष्मा लावून त्या ओळीत सगळ्यांना परवानगी दिली. बहिणीचा फोन आला. “वाजतंय गं! पण संस्थेने बंद करायला सांगितलं तर?” “सांगू दे. बंद करायला माझे हात मोकळे हवेत ना,” म्हणत तिने पेटी पुढे ओढली.