न धुतलेली साडी

मांजरीच्या पोटात पिल्लं नाहीत, पाणी आहे, हे मंगळवारी कळलं. तोवर मी टोपलीत जुनं धोतर अंथरून बाळंतपणाची तयारी करून ठेवली होती. शेजारच्या मालनवहिनी रोज चिडवायच्या, "भावजी, आजोबा होणार तुम्ही!" पण बकुळीने खाणं सोडलं, म्हणून टोपलीसकट तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सुईने पिवळं, चिकट पाणी काढून दाखवलं. "हा मांजरांचा कोरोना. बऱ्याच मांजरांच्या आतड्यात असतो, काही करत नाही. एखादीच्या अंगात मात्र तो रूप बदलतो, सगळीकडे पसरतो, मग पोटात पाणी भरतं. औषधाविना ही आठवडाभरही काढणार नाही. रोज एक गोळी, चौऱ्याऐंशी दिवस. आजपासूनच, काका. एकही चुकवायची नाही."

बकुळी माझ्या बायकोची. बायको श्रावणात गेली, तेव्हापासून ती मला हात लावू देत नव्हती. घरी गोळी घेऊन बसलो, तर दोनदा ओरबाडलं आणि कपाटामागे शिरली. संध्याकाळ व्हायला आली. आतून तिच्या धापा ऐकू येत होत्या.

शेवटी बायकोची साडी काढली. तिने शेवटची नेसलेली, वास जाऊ नये म्हणून न धुता ठेवलेली. कपाटापाशी धरली. बकुळी हुंगत बाहेर आली. तिला साडीत गुंडाळलं, जबडा उघडला, गोळी आत गेली. लाळेने पदर भिजला.

साडी तशीच ठेवली आहे. अजून त्र्याऐंशी गोळ्या द्यायच्या आहेत.